चौघांच्या पटावर दोघांचं बुद्धिबळ

मंडळी, चौघांच्या बुद्धिबळात हरलेल्या माणसाला कधीतरी विचारून बघा, बाबा रे, का हरलास? उत्तर ठरलेलं असतं. "अरे यार, दोघं मिळून माझ्याच मागे लागले. मी एकटा काय करणार?" हे सांगताना चेहरा असा, की जणू पटावर नव्हे तर कोर्टात अन्याय झालाय.

दुसरी एक जमात आहे. शाळेत असताना जिल्हास्तरावर खेळलेली, 'सिसिलियन' आणि 'किंग्ज इंडियन' तोंडपाठ असलेली. ती मंडळी चौकोनी अधिक चिन्हासारखा तो पट बघतात, नाक मुरडतात आणि म्हणतात, "हे कसलं बुद्धिबळ? हा नुसता राजकारणाचा खेळ. नशीब असेल तर जिंकाल."

ह्या दोन्ही तक्रारी मला एकाच माळेचे मणी वाटतात. पहिला म्हणतो मी दुर्दैवी, दुसरा म्हणतो खेळच दुर्दैवी. दोघंही उरलेल्या खेळाडूंकडे पावसासारखं बघतात. आला तर आला, नाही आला तर नाही, आपल्या हातात काय! पण ते दोघं एकत्र येणार हे पटावर चार-पाच चाली आधीपासून लिहिलेलं असतं. ते वाचता येणं हाच ह्या खेळातला डावपेच. वाचता आलं नाही तर नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय?

आधी खेळ काय आहे ते थोडक्यात. ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. चेस डॉट कॉमनं २०१७ मध्ये आणलेला प्रकार आज सगळ्यात जास्त खेळला जातो. पट १४ बाय १४ चा, पण चारही कोपऱ्यांतली ३ बाय ३ घरं कापलेली, म्हणजे एकूण १६० घरं. चार बाजूंना चार फौजा: लाल, निळी, पिवळी, हिरवी. चाल घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते. जोड्यांचाही प्रकार आहे, त्यात समोरासमोरचे भिडू असतात, आपल्या मेंढीकोटासारखे किंवा सारीपाटासारखे. मी बोलतोय ते दुसऱ्या प्रकाराबद्दल, जिथे प्रत्येक जण स्वतःपुरता. तिथे गुण मोजतात. प्यादं मारलं तर १, घोडा ३, उंट ५, हत्ती ५, वजीर ९ आणि कुणावर मात केली तर २०. ज्याच्यावर मात झाली त्याची मोहरी करडी होऊन पटावर तशीच पडून राहतात, ती मारून काही मिळत नाही. शेवटी ज्याचे गुण जास्त तो पहिला.

उंटाची किंमत हत्तीइतकी हे पाहून जुने खेळाडू चमकतात. पण एवढ्या मोठ्या मोकळ्या पटावर तिरक्या रेषा लांबच लांब असतात आणि त्या थेट दुसऱ्याच्या घरात घुसतात. ही पहिली धोक्याची घंटा समजा. इथे मोहऱ्यांचे भावच वेगळे, तर मग सवयी जुन्या कशा चालतील?

आणि हा प्रकार कुणा रिकामटेकड्या प्रोग्रॅमरनं काल काढला असंही नाही. अल-बिरुनीनं इ.स. १०३० च्या सुमारास हिंदुस्थानाबद्दल जो ग्रंथ लिहिला त्यात चौघांनी, फासे टाकून खेळायच्या बुद्धिबळाचं सविस्तर वर्णन आहे. त्यातही मोहऱ्यांना गुण आहेत: राजा ५, हत्ती ४, घोडा ३, रुख २, प्यादं १. पुढे बंगालमध्ये रघुनंदनाच्या 'तिथितत्त्व' ह्या ग्रंथात हाच खेळ येतो, तिथे रुखाच्या जागी नौका आहे आणि खेळ शिकवणारे व्यास, शिकणारा युधिष्ठिर! सगळ्यांचे राजे जिंकले की ती 'चतुराजी'. डंकन फोर्ब्ससारख्या एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी तर चौघांचा खेळच आधीचा, दोघांचा नंतरचा असं मांडलं होतं. ते मत पुढे टिकलं नाही, त्यामुळे त्यावर मी माझी इमारत बांधत नाही. माझा मुद्दा एवढाच, की 'नशिबाचा खेळ' हा आरोप फासे होते तेव्हा ठीक होता. आता फासे कुठे आहेत? पट सगळ्यांना सारखाच उघडा दिसतो. मग नशीब आलं कुठून?

आता मुद्द्याकडे येऊ. दोघांच्या बुद्धिबळात आपल्याला एक सवय लागलेली असते: मी चाल केली की तो चाल करणार. त्याचा तोटा तो माझा फायदा. ह्या दोन वाक्यांवर सगळी गणितं उभी असतात. चौघांच्या पटावर ही दोन्ही वाक्यं खोटी आहेत. त्यातून निघणारे डावपेच एकेक करून बघू. आपण लाल आहोत असं धरा. आपल्यानंतर डावीकडचा निळा, मग समोरचा पिवळा, मग उजवीकडचा हिरवा, आणि मग पुन्हा आपण.

पहिला डावपेच: परका रखवालदार. निळ्याचा उंट उघड्यावर आहे. त्याच्या मागे निळ्याचं एकही मोहरं नाही. तुमचा वजीर तो मारू शकतो. दोघांच्या खेळात हे फुकटचं जेवण. इथे मात्र पिवळ्याचा उंट दूर दुसऱ्या टोकाला बसून त्याच घरावर नजर ठेवून आहे. तुम्ही ५ गुण घेतले, पिवळ्यानं तुमचा वजीर मारून ९ घेतले. पिवळ्याला निळ्याचं प्रेम नव्हतं, त्याला तुमचा वजीर हवा होता. म्हणून मोहरं अनाथ आहे की नाही हे बघताना त्याच्या मालकाकडे बघू नका, ज्या घरात तुम्ही जाणार त्या घरावर तिघांपैकी कुणाची नजर आहे ते बघा. इतकी साधी गोष्ट, पण माझ्या पाहण्यातले निम्मे वजीर असेच जातात.

दुसरा: शह कोणत्या बाजूनं आला? हे तर बहुतेकांच्या डोक्यातही येत नाही. उजवीकडच्या हिरव्यानं शह दिला तर लगेच तुमची चाल असते, उत्तर देऊन मोकळे व्हा. डावीकडच्या निळ्यानं शह दिला तर? मध्ये पिवळा आणि हिरवा असे दोघं चाल करून घेणार आणि मग तुमची पाळी. एकानं राजाचं पळायचं घर धरायचं, दुसऱ्यानं मध्ये घालण्याजोगं मोहरं मारायचं, आणि तुमच्या पाळीपर्यंत साध्या शहाची मात झालेली. त्यांनी आपसात काही बोलायची गरजच नाही. दोघांनाही वाटेत पडलेला घास दिसला, एवढंच. म्हणून डावीकडून येणाऱ्या उघड्या रेषा आधी बंद करायच्या. उलट, तुम्हाला हल्ला करायचा असेल तर तो उजवीकडच्यावर जास्त जड पडतो, कारण त्याला उत्तर द्यायच्या आधी दोघांचे हात चालतात. पण मग शिकार कोण उचलणार हेही त्या दोघांच्याच हातात असतं, ते विसरू नका. खड्डा तुम्ही खणायचा आणि २० गुण तिसऱ्यानं न्यायचे, असं रोज घडतं. आयत्या बिळावर नागोबा!

तिसरा: दिलेला शह, दुसऱ्याला बक्षीस. तुम्ही पिवळ्याला शह दिलात. मस्त वाटलं. आता चाल निळ्याची. निळ्याला पक्कं माहीत आहे, की पिवळ्याला आधी शह सोडवायचाय. मग तो आपला वजीर बिनधास्त पिवळ्याच्या फौजेत घालतो आणि घोड्याच्या जोरात असलेला हत्ती मारतो. एरवी घोड्यानं वजीर खाल्ला असता. पण तो मारून शह सुटत नसेल तर पिवळा काहीच करू शकत नाही. पुढच्या फेरीत निळा वजीर काढून घेतो. तुम्हाला मिळालं शून्य, पिवळ्याचा राग तुमच्यावर, ५ गुण निळ्याला. शह देण्याआधी स्वतःला विचारा, मधल्यांना ह्यातून फुकटची चाल मिळतेय का? आणि दुसऱ्यानं शह दिला की लगेच बघा, ती फुकटची चाल आपल्याला मिळाली आहे का?

चौथा: बरोबरीची मारामारी. वजिराला वजीर. दोघांच्या खेळात हिशोब मिटला. इथे तुमचा आणि निळ्याचा वजीर गेला, ९-९ गुण मिळाले, पण पिवळा आणि हिरवा आपापले वजीर घेऊन तुमच्या दोघांच्या घराकडे बघत बसले. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ ही म्हण आपल्याकडे उगीच नाही, इथे तर तिसरा आणि चौथा दोघं आहेत. मारामारी करायचीच असेल तर आधी बघा, उरलेल्या दोघांचे वजीर एकमेकांत अडकलेले आहेत का.

पाचवा आणि सगळ्यात महत्त्वाचा: न मारलेलं मोहरं. पिवळ्याचा वजीर हिरव्याच्या हत्तीला मारू शकतो, हत्तीमागे कुणी नाही, घर सुरक्षित आहे, तरी पिवळा मारत नाही. एकदा होऊ शकतं, दिसलं नसेल. दुसऱ्यांदाही मारत नाही, आणि हिरवाही त्याचा उंट सोडून देतो. झालं! तह झाला. कुणी कुणाशी बोललं नाही, पण दोघांना कळलंय की सध्या तिसऱ्याकडे बघायचंय. तो तिसरा म्हणजे तुम्ही. घेता येत असून न घेणं हा चौघांच्या पटावरचा सगळ्यात मोठा आवाज आहे. तो ज्याला ऐकू येत नाही तो पाच चालींनी ओरडतो, "दोघं मिळून मागे लागले!"

आता ह्याच्यापासून वाचायचं कसं? आघाडी दिसली, की पुढची दोन मोहरी हावरटपणे मारू नका. ९ गुणांनी पुढे असणं परवडतं. ३० गुणांनी पुढे असणं आणि राजा उघडा असणं म्हणजे तिघांना आमंत्रण. आणि सुरुवातीच्या टप्प्यात समोरच्याला जगू द्या. तो तुमच्यापासून सगळ्यात लांब असतो आणि त्याचे शेजारी तेच तुमचे शेजारी. तो आधी मेला तर निळा आणि हिरवा दोघांनाही एकच काम उरतं. डावीकडून एक, उजवीकडून एक, मध्ये तुम्ही. सँडविच!

आपल्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांना ह्यात एक गंमत दिसायला हवी. दोघांच्या बुद्धिबळाची इंजिनं ज्या पायावर उभी राहिली तो मिनिमॅक्स, म्हणजे समोरचा माझं जास्तीत जास्त वाईट करणार हे गृहीत. तीन किंवा जास्त खेळाडू आले की हे गृहीतच कोसळतं. १९८६ मध्ये लकहार्ट आणि इराणी ह्यांनी 'मॅक्स-एन' मांडलं: प्रत्येक जण फक्त स्वतःचा फायदा बघतो असं धरा. २००० मध्ये स्टर्टेव्हंट आणि कोर्फ ह्यांनी 'पॅरानॉइड' पद्धत तपासली: सगळे मिळून माझ्याच विरुद्ध आहेत असं धरा. दुसऱ्या पद्धतीत खेळ पुन्हा दोघांचा होतो, मी विरुद्ध बाकी सगळे. मग झाडाच्या फांद्या भरपूर छाटता येतात आणि संगणक जास्त खोल बघू शकतो. मॅक्स-एनमध्ये तेवढं छाटता येत नाही.

आता गंमत बघा. पटावर रडणारा माणूस मनात पॅरानॉइडच चालवत असतो, फक्त हरल्यानंतर! खेळताना तो धरून चालतो की समोर एकच शत्रू आहे, आणि हरल्यावर धरतो की सगळे शत्रू होते. दोन्ही आळस. संगणकाला वेळ वाचवायचा असतो म्हणून तो सगळ्यांना शत्रू धरतो, त्याला माफ आहे. आपल्याला मात्र खरा प्रश्न विचारता येतो: ह्या क्षणी ह्या खेळाडूला कशात फायदा आहे? आणि तो पुढच्या फेरीत बदलणार आहे का?

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आमच्या धाराशिव जिल्ह्यात या. (२०२३ पर्यंतचा उस्मानाबाद.) नळदुर्ग आणि परांडा हे दोन किल्ले बघा. पर्यटक नळदुर्गला बोरी नदीवरच्या धरणाच्या पोटातला पाणीमहाल बघतात. इब्राहिम आदिलशाह दुसरा ह्याच्या काळातलं, १६१३ चं ते बांधकाम आहेही बघण्यासारखं. धबधब्याखाली फोटो काढतात आणि तुळजापूरला दर्शनाला जातात. पण मुळात हे किल्ले इथे का आहेत? कारण हा मुलुख पटाच्या बरोबर मधली घरं होता. बहमनी राज्य फुटलं आणि अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा, बीदर, वऱ्हाड असे खेळाडू झाले. दक्षिणेला विजयनगर. नंतर उत्तरेकडून मोगल. सोलापूर-नळदुर्ग-परांडा ही घरं कधी ह्याची, कधी त्याची.

पुढे असलेल्या खेळाडूचं काय होतं ते आधी बघू. विजयनगरचा रामराय हा त्या काळचा सगळ्यात हुशार डावपेचबाज. कधी निजामशाहीला घेऊन आदिलशाहीवर, कधी आदिलशाहीला घेऊन निजामशाहीवर. प्रत्येक खेळीत त्याचा फायदा. पण गुण वाढत गेले तसे बाकीच्यांचे डोळे एकाच ठिकाणी वळले. खूण काय होती? सोलापूर! ज्या सोलापुरासाठी अहमदनगर आणि विजापूर पिढ्यान् पिढ्या भांडले ते हुसेन निजामशाहानं मुलगी चांदबीबी हिच्या लग्नात अली आदिलशाहाला देऊन टाकलं. भांडणाचं मोहरं न मारता सोडून दिलं, वर सोयरीक केली. पाचवा डावपेच आठवला ना? २३ जानेवारी १५६५ ला तालिकोटच्या लढाईत रामराय मारला गेला. त्याच्या विरुद्ध चार सुलतान एक झाले हे खरं, पण त्यांना एकत्र आणणारा बऱ्याच अंशी तो स्वतःच होता. काम झाल्यावर ते चौघं पुन्हा आपसात भांडायला लागले हेही तितकंच खरं. पटावरची आघाडी असते तेवढीच.

आता दुबळ्या खेळाडूचा बचाव. १५८० मध्ये अली आदिलशाह मारला गेला, गादीवर लहान मुलगा. अहमदनगर आणि गोवळकोंड्याच्या फौजा मिळून आल्या आणि नळदुर्गाला वेढा पडला. दोघं एकाच्या मागे, अगदी आपल्या रडणाऱ्या खेळाडूच्या तक्रारीसारखंच. पण नळदुर्ग पडला नाही. फौजा वेढा उठवून विजापूरकडे गेल्या, तिथूनही हात हलवत परतल्या. मला ह्यात जो धडा दिसतो तो असा: दोघं मिळून आले की त्यांच्यात एक प्रश्न कायम असतो, तटावर आधी कुणी चढायचं? जो आधी चढेल त्याची माणसं मरणार आणि लूट मात्र अर्धी-अर्धी. पहिला घाव महाग करून ठेवा, म्हणजे दोघं एकमेकांकडे बघत बसतात. पटावर ह्याचा अर्थ सरळ आहे. राजापुढचं प्रत्येक मोहरं अशा जोरात ठेवा, की पहिला मारणारा हमखास मरेल. दोघांनाही 'आधी तू' वाटायला लागलं की तुम्हाला चाल मिळाली.

आणि शेवटी परांडा. हा किल्ला म्हणजे माझ्या मुद्द्याचा पुरावाच. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं तेव्हा मलिक अंबरनं निजामशाही घराण्यातल्या मुर्तझाला परांड्याला गादीवर बसवलं. राजधानी गेली, खेळाडू उरला. अंबरनं पुढे पंचवीसेक वर्षं तो जिवंत ठेवला. १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही दोघं एकत्र त्याच्यावर आले आणि हरले. अंबर १६२६ मध्ये वारला. मग विजापूरच्या दरबारापुढे प्रश्न आला: हा अर्धमेला शेजारी वाचवायचा की वाटून घ्यायचा?

त्यांनी गुण घेतले. परांडा आदिलशाहीकडे आला आणि १६३२ मध्ये तिथली प्रचंड तोफ, १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली 'मलिक-ए-मैदान', ओढत विजापूरला नेली. आजही ती तिथेच आहे. १६३६ मध्ये शहाजहान आणि महंमद आदिलशाह ह्यांच्यात तह होऊन निजामशाही वाटली गेली. शहाजीराजांनी एका बालराजाला पुढे करून जे राज्य सावरून धरलं होतं तेही संपलं. मोगलांच्या फौजा तेव्हा विजापूरच्या मुलुखात घुसलेल्या होत्या, त्यामुळे शेवटच्या चालीला आदिलशाहापुढे फारसा पर्याय नव्हता हे मान्य. पण त्या जागी येण्याआधीच्या चाली त्याच्याच होत्या.

ह्यानंतर विजापूरचा नकाशा सर्वात मोठा झाला, गुणतक्ता भरला. आणि पटावर काय झालं? मधला खेळाडू गेला. मोगल थेट दाराशी. १६५७ मध्ये औरंगजेबानं बीदर आणि कल्याणी घेतलं. १६६० मध्ये परांडाही मोगलांकडे गेला. १६८६ मध्ये विजापूर पडलं, १६८७ मध्ये गोवळकोंडा. गुण मोजत मोजत माणूस कसा मरतो ते बघायचं असेल तर १६३६ ते १६८६ ही पन्नास वर्षं वाचा.

त्याच पटावर एक चौथा खेळाडू उभा राहिला होता, ज्याला तिसरा जिवंत ठेवण्याची किंमत कळत होती. १६७७ मध्ये शिवाजी महाराज गोवळकोंड्याला गेले, अबुल हसन कुतुबशाहाशी तह केला आणि त्याच्या मदतीनं दक्षिणेत उतरले. कुतुबशाही वाटून घ्यायची गोष्ट नव्हती. मोगलांसमोर आणखी एक भिंत उभी राहणं दोघांच्याही फायद्याचं होतं. सगळ्यांत बलवान जो, त्याच्या आणि आपल्या मध्ये कुणीतरी हवा, हा हिशोब.

कुणी म्हणेल, इतिहास म्हणजे बुद्धिबळ नव्हे. कबूल. किल्ल्यात माणसं मरतात, पटावर मोहरी डब्यात जातात. शिवाय निजामशाही मध्ये होती, आपल्या पटावरचा पिवळा समोर असतो, भूगोल वेगळा. पण हिशोब तोच आहे: कोण मेल्यानंतर माझ्यासमोर कोण उरेल? हा प्रश्न न विचारता केलेली मारामारी पटावरही महाग पडते.

आता एक आक्षेप खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. दोन मित्र ठरवून बसतात, फोनवर बोलत खेळतात, तिसऱ्याला भादरतात आणि वर हसतात. ही लबाडी आहे. ती डावपेच नव्हे आणि तिचं समर्थन मी करत नाही. फरक ओळखायची कसोटी सोपी आहे. जो आपल्या तोट्यात जाऊनही दुसऱ्याला मदत करतो, स्वतःचा वजीर घालून भिडूचा राजा वाचवतो, तो पटाबाहेर काहीतरी ठरवून आलाय. जो स्वतःचा फायदा आहे तोवरच तुमच्या शत्रूबरोबर चालतो आणि फायदा संपला की त्याच्यावरच उलटतो, तो नियमाप्रमाणे खेळतोय. पहिल्याबरोबर पुन्हा खेळू नका. दुसऱ्याला शिव्या देऊ नका, त्याच्याकडून शिका.

दुसरा आक्षेप: हरलेला खेळाडू जाता जाता कुणाला तरी जिंकवून जातो, हे अन्यायाचं नाही का? आहे थोडं. पण तो रागावलाय कुणावर? बहुतेक वेळा ज्यानं त्याचं एक प्यादं मारायला त्याचा सगळा कोट मोडला त्याच्यावर. एका गुणासाठी आयुष्यभराचा वैरी करू नये हा काही फार गूढ सिद्धांत नाही. आपल्या आज्या हे गावकीत बघून सांगायच्या. आणि ज्यांना आघाड्या, फुटाफुट आणि आपल्याला अडवायला एकत्र आलेले विरोधक हे प्रकार अजूनही अनैसर्गिक वाटतात, त्यांनी २०१९ नंतरचं महाराष्ट्राचं राजकारण एकदा पटासारखं मांडून बघावं. कोणत्याही पक्षाचे असा, डोळे उघडतील.

शुद्ध बुद्धिबळवाल्यांनो, तुमच्या खेळाला कुणी नावं ठेवत नाही. दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा नागपूरच काय, सगळा महाराष्ट्र नाचला, आणि ते बरोबरच होतं. दोघांच्या पटावरची खोली चौघांच्या पटावर नाही. पण दोघांच्या पटावर एक गोष्ट शिकायला मिळत नाही: ज्याच्याशी माझं भांडण नाही असा माणूस माझं काय करू शकतो. ऑफिसात, सोसायटीत, भावकीत, आपलं आयुष्य बहुतेक त्याच माणसांनी भरलेलं असतं. प्रमोशन अडतं तेव्हा आपण समोरच्या एका स्पर्धकाकडे बघत बसतो, आणि निर्णय त्या दोघा-तिघांनी घेतलेला असतो ज्यांना आपण मोजलंच नव्हतं.

तेव्हा ह्या वीकांताला खेळायला बसाल तर एवढंच करा. प्रत्येक चालीआधी तीन प्रश्न. मी जाणार त्या घरावर तिघांपैकी कुणाची नजर आहे? माझी पाळी परत येईपर्यंत तिघांना काय करावंसं वाटेल? आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत कुणी कुणाचं काय मारता येत असून मारलं नाही? तिसऱ्याचं उत्तर सापडलं आणि त्यात तुमचा रंग नसेल, तर राजा आत घ्या आणि डावीकडची रेषा बंद करा.

एवढं करूनही हराल कधीकधी. हरा की. फक्त उठताना 'दोघं मिळून मागे लागले' असं म्हणू नका. कुठल्या चालीला ते दोघं एक झाले, तेवढं शोधून मग पुढचा डाव मांडा.